बिनकामाचा कुत्रा

साताऱ्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. संगम माहुलीच्या त्या काठावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत आणि त्यांच्या सोबतीला एक समाधी कुत्र्याची आहे. थोरल्या शाहू महाराजांचा हा खंड्या. शिकारीच्या वेळी वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला अशी हकिकत सांगतात. साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनंही या कुत्र्याची गोष्ट आपल्या मराठ्यांच्या इतिहासात घेतली आहे. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि एकदा एक बडा सरदार भेटीला आला तेव्हा कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने चढवून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. उतारवयातल्या राजाची ती लहर असेल, नाहीतर सरदाराला मारलेला टोमणा असेल. मला त्या गोष्टीतलं दुसरंच काही टोचतं. खंड्याला पालखी मिळाली ती वाघ अंगावर आला त्या दिवसाची मजुरी म्हणून.

आपल्याकडच्या नावाजलेल्या सगळ्या कुत्र्यांचं असंच आहे. रायगडावरचा वाघ्या धन्याच्या चितेत उडी घेतो, म्हणून त्याला चौथरा मिळतो. त्याला इतिहासाचा आधार नाही म्हणून २०२५ साली त्या स्मारकावरून रान पेटलं, पण वाघ्या खरा असो की नसो, त्याची थोरवी मोजायचं माप निष्ठेचंच राहिलं. धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो, तर शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. म्हणजे तिथंही सोसल्याचं चीज झालंच. खंडोबाच्या घोड्यामागे कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत. औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला मिळणाऱ्या तसबिरी बघा. चारी कुत्री धडधाकट, चारी पायांवर उभी. त्यांतलं एखादं लंगडं काढावं असं कुणा चित्रकाराला सुचल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग कंबरेखाली लुळा पडलेला कुत्रा या हिशेबात कुठं बसतो? तो राखण करत नाही, मेंढरं वळत नाही, शिकारीला जात नाही. हौशी माणसाला मिरवायला जातिवंत कारवानी हवा, त्याच्या मापातही हा बसत नाही. त्याच्यात कुणी देव दडलेला नाही. उद्या तो उठून कुणाचा जीव वाचवील अशीही शक्यता नाही. तो जेवणार, झोपणार, जागेवरच घाण करणार आणि आपण ती काढायची, असं वर्षानुवर्षं. अशा कुत्र्याला जाणूनबुजून घरी आणणारी माणसं आता सातारा-सांगलीतही दिसू लागली आहेत आणि त्यांना दोन ठरलेले शेरे मिळतात. एक, ‘काय मोठं मन आहे हो तुमचं!’ दोन, ‘डोकं फिरलंय का?’ माझं म्हणणं असं की यातला दुसरा शेरा कमी घातक आहे. डोकं फिरलंय का, असं विचारणाऱ्याला निदान हिशेब विचारायचा असतो. मोठ्या मनाचं कौतुक करणारा हिशेबच बंद करून टाकतो. आणि अपंग कुत्र्याचा सांभाळ फसतो तो प्रेम कमी पडल्यानं क्वचितच. आणताना हिशेब केलेला नसतो, तिथं तो फसतो.

हिशेब हा शब्द इथं कुणाला खुपू नये, कारण या भागात जनावर आणि माणूस यांचं नातं हिशेबातूनच उभं राहिलेलं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बेंदराला बैलाची शिंगं रंगवायची, अंगावर झूल टाकायची, पुरणपोळी त्याच्या तोंडात घालायची, हे खोटं प्रेम नसतं. सीमेलगतच्या गावांत तर ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात आपला, असे दोन-दोन बेंदूर. पण तोच बैल थकला, नांगराला जुंपता येईना झाला, की त्याला आठवडी बाजाराची वाट दाखवायची वेळ यायची आणि ती दाखवताना डोळ्याला पदर लावणारीही त्याच घरातली असायची. चारा मर्यादित, जमीन मर्यादित, जतला-आटपाडीला, माण-खटावला पाऊस त्याहून मर्यादित. जो जीव राबत नाही त्याच्या वैरणीचा खर्च राबणाऱ्या जिवाच्या वैरणीतून जायचा. हा क्रूरपणा नव्हता, ही टंचाई होती. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्यानं बाजाराची वाट बुजवली, पण वैरणीचे पैसे दिले नाहीत.

या कोंडीवर साखर पट्ट्यात काही उत्तरं शोधली गेली. अ‍ॅनिमल राहत ही संस्था २००३ पासून सांगली, सोलापूर या भागात साखर कारखान्यांवर ऊस ओढणाऱ्या बैलांसाठी काम करते. जखमांवर उपचार, काटेरी लगामांना विरोध, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर यावा म्हणून खटपट, आणि थकलेल्या बैलांना कामातून सोडवून निवांत ठेवायची जागा. या शेवटच्या कामाकडे मी वैचारिक घटना म्हणून बघतो. ‘निवृत्त बैल’ ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती. काम संपलं तरी जनावराचं जगणं संपलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट उघडपणे मांडली गेली. बैलानं निदान दहा-पंधरा वर्षं ओढलेलं असतं, त्याच्या नावावर काही जमा असतं. वयाच्या चौथ्या महिन्यात ट्रॉलीखाली सापडलेल्या पिल्लाच्या नावावर काहीच जमा नसतं. म्हणून त्याचा प्रश्न बैलाच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि जास्त स्वच्छही.

ही कुत्री येतात कुठून? बरीचशी रस्त्यावरून. पुणे-बंगळूर महामार्ग साताऱ्यावरून, कराडवरून जातो. त्याच्या कडेला ढाबे आहेत, ढाब्यामागे खरकटं आहे, आणि खरकट्यासाठी रस्ता ओलांडणारी कुत्री आहेत. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गावागावांतून जातात. पुढच्या चाकातून वाचलेलं पिल्लू मागच्या ट्रॉलीच्या चाकात सापडतं. कणा मोडतो, पण जीव जात नाही. दुसरं मोठं कारण डिस्टेंपर. लस न टोचलेल्या पिल्लांना हा विषाणू गाठतो. नाक-डोळ्यांतून घाण, ताप, जुलाब, आणि यातून जे वाचतं त्याच्या मेंदूत, मज्जारज्जूत तो खूण ठेवून जातो. एखादा पाय किंवा जबडा आयुष्यभर झटके देत राहतो, झोपेतसुद्धा. बघणाऱ्याला वाटतं कुत्रा तळमळतोय. तो झटके देत देतच भाकरी खातो, शेपूट हलवतो, मांजराच्या मागे लागतो. झटका हा दरवेळी वेदनेचा पुरावा नसतो, हे समजायला बघणाऱ्याला वेळ लागतो.

इथं एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण दयेच्या भरात ती राहून जाते. रस्त्यावर पडलेला, मागून लुळा, तोंडातून लाळ, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, असा कुत्रा अपघाताचा असेलच असं नाही. रेबीजचा एक प्रकार पिसाळून चावत सुटणारा असतो, दुसरा मुका असतो. तो कुत्र्याला थंड करतो, पंगू करतो. घशात हाड अडकलंय असं समजून लोक अशा तोंडात हात घालतात. ज्याची माहिती नाही असा लुळा कुत्रा पहिले दहा दिवस वेगळा ठेवायचा, पशुवैद्याच्या नजरेखाली, आणि हाताळणाऱ्यानं आधी लस घेतलेली असायची. लाळ लागलीच तर साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हे ऐकून ज्याचा उत्साह मावळतो त्याचा मावळलेलाच बरा.

दहा दिवस गेले, रेबीज नाही, कणाच दुखावलाय हे कळलं. आता डॉक्टर पायाच्या बोटाला चिमटा लावून बघतात. पाय मागे ओढला म्हणून घरची माणसं खूश होतात, पण डॉक्टर पायाकडे बघतच नसतात, ते तोंडाकडे बघतात. कुत्र्यानं मान वळवून बघितलं, कण्हलं, चावायला आला, तर संवेदना मेंदूपर्यंत पोचते आहे आणि आशा बरी आहे. नुसता पाय आखडला तर ती मणक्यातल्या मणक्यात झालेली प्रतिक्रिया आहे. चार-सहा आठवडे गेले आणि खोल वेदना परत आली नाही, की पुढचं आयुष्य बहुधा असंच हे धरून चालायचं. निर्णय घ्यायची वेळ ही असते. अपघाताची संध्याकाळ ही निर्णयाची वेळ नाही.

मग रोजचं काम सुरू होतं. ते काय असतं हे कळल्याशिवाय कुणी हो म्हणू नये, म्हणून जरा जवळून सांगतो.

लुळ्या कुत्र्याला बऱ्याचदा लघवी स्वतःहून नीट करता येत नाही. ती काढावी लागते. त्याला उभं धरायचं किंवा कुशीवर निजवायचं, मागच्या मांडीच्या जरा पुढे पोटावर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे आणि चाचपायचं. भरलेलं मूत्राशय हाताला लागतं, छोट्या कुत्र्याचं लिंबाएवढं, मोठ्याचं मोसंबीएवढं. मग दोन्ही तळव्यांनी सावकाश, एकसारखा दाब द्यायचा, शेपटीच्या दिशेनं. घाईनं दाबलं तर इजा होते, घाबरत दाबलं तर निम्मी लघवी आतच राहते. नर असेल तर अवघड जास्त. धार थांबली की पुन्हा चाचपायचं. हे दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपण्याआधी. रविवारी, लक्ष्मीपूजनाला, घरात लग्न असलं तरी. आत राहिलेली लघवी नासते. ती गढूळ झाली, उग्र वास मारू लागली, तांबूस दिसली, की डॉक्टर. आणि नुसती थेंबथेंब गळत राहिली, की मांडीची कातडी भाजल्यासारखी लाल होते.

दुसरं काम जखमांचं. एकाच कुशीवर पडून कोपर, नितंब, टाच इथली कातडी जाते. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. खाली जाड गोधडी, गोधडीखाली प्लास्टिक, किंवा गोठ्यात घालतात तसली रबरी मॅट. फरशीवर पाय फरफटून पंजे सोलवटतात, त्यांना जुने पायमोजे. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसते आणि दोन दिवसांत आसडी, म्हणजे अळ्या, पडते. म्हणून शेपटीखाली, मांडीच्या आत, केस बाजूला सारून रोज बघायचं. नाकानंही बघायचं. आसडीचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आंधळ्या, बहिऱ्या, तीन पायांच्या कुत्र्यांचं त्या मानानं सोपं असतं, इतकं की त्यांना अपंग म्हणताना जीभ अडखळते. कुत्रा अंगाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर पेलतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी तो महिन्याभरात पळायला लागतो. वजन मात्र वाढू द्यायचं नाही. आंधळ्याला घराचा नकाशा नाकानं आणि मिशांनी पाठ होतो, फक्त दिवाळीच्या साफसफाईत कपाटं हलवायची नाहीत आणि पाण्याचं भांडं एकाच जागी ठेवायचं. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्या गळ्यात बैलाच्या साजातलं एखादं घुंगरू बांधलं की आंधळा त्याच्या मागून अंगणभर फिरतो. बहिरा हाताच्या खुणा शिकतो. त्याला झोपेत हात लावू नये एवढंच, दचकून दात लागतात. ही कुत्री खरं तर कुणीही न्यावीत. त्यांना घर मिळत नाही ते त्यांच्या गरजांमुळे नाही, दिसण्यामुळे.

लुळ्याचं मात्र वेगळं. आणि इथं मला माझ्या मुख्य मुद्द्यावर यायचं आहे. हे काम करतं कोण?

कुत्रा आणतो बहुधा घरातला तरुण मुलगा, नाहीतर कॉलेजातली मुलगी. रस्त्यावर पडलेलं बघवत नाही, उचलून आणतात, पहिला महिना जीव ओततात. फोटो निघतात, लोक पैसेही पाठवतात. मग शिक्षण संपतं आणि सातारा-सांगलीतल्या निम्म्या पोरांचं जे होतं तेच होतं, पुण्याची नोकरी. हिंजवडीच्या भाड्याच्या खोलीत लुळा कुत्रा चालत नाही. तो आईच्या गळ्यात पडतो. जी आधीच सासूच्या अंथरुणाशी बसून आहे, जिच्या सकाळचं पाणी, चहा, डबा, गोठा ठरलेला आहे, तिच्या दिवसात आता तीन-चार वेळा मूत्राशय दाबायचं काम घुसतं. तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘आणा, पण रात्रीचं कोण बघणार ते आधी ठरवा.’ तो ठराव झालेला नसतो, म्हणून ती चिडचिडते, आणि आपण म्हणतो की आईला कुत्र्यांची आवड नाही.

प्राणिप्रेमाच्या लिखाणात ही बाई सापडत नाही. कुत्रा सापडतो, त्याला वाचवणारा सापडतो. पण अंथरुणाला खिळलेल्या जिवाची कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे ज्ञान या जिल्ह्यांत कुणाकडे असेल तर ते तिच्याकडे आहे. सासऱ्याच्या अर्धांगवायूत तिनं ते मिळवलेलं असतं. माणसाची तुलना कुत्र्याशी करतोय म्हणून कुणाला राग येईल. येऊ दे. पाठीच्या जखमेला माणूस-जनावर कळत नाही. माझा मुद्दा इतकाच की घरात हे काम ज्या व्यक्तीवर पडणार आहे, तिचा होकार स्पष्ट शब्दांत मिळाल्याशिवाय लुळा कुत्रा दत्तक घेणं हा घरातल्या बाईवर केलेला अन्याय आहे, मग आणणाऱ्याचं मन कितीही मोठं असो. आणि ती व्यक्ती नाही म्हणाली तर त्या नाहीला कोरडेपणा म्हणायचा हक्क कुणाला नाही.

इथं नेहमीचा आक्षेप येतो. एवढं करण्यापेक्षा त्याला सुईच का देऊ नये? मी या आक्षेपाला अमानुष म्हणणार नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा, जबर जखमी झालेल्या जनावराला यातना संपवण्यासाठी मरण देता येतं, हे मान्य करतो. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे २०२३ चे नियमही बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तर स्थानिक समितीनं नेमलेल्या पथकाच्या निदानानंतर ते मान्य करतात. ज्याच्या वेदना औषधानं आटोक्यात येत नाहीत, ज्यानं अन्न सोडलंय, त्याला आपल्या समाधानासाठी जगवत ठेवणं ही दयेची विकृती आहे आणि ती मी पाहिली आहे. पण कायद्याच्या या भाषेत पंगुत्वाचा उल्लेख नाही, यातना आणि असाध्यता यांचा आहे. आपण बोलताना दोन्ही एकत्र करतो. कंबरेखाली संवेदना नसलेल्या कुत्र्याला कंबरेखाली दुखतही नाही. तो सकाळी भांड्याचा आवाज ऐकून पुढच्या पायांवर सरपटत येतो. त्याला आपल्या पायांबद्दल काय वाटतं ते ठाऊक नाही, पण भांड्याबद्दल काय वाटतं ते स्पष्ट दिसतं. ‘असलं जगण्यापेक्षा मेलेलं बरं’ हे वाक्य आपण त्याच्या तोंडी घालतो, तेव्हा खरं तर आपल्याला स्वतःच्या म्हातारपणाची धास्ती वाटत असते.

मात्र सुई नको म्हणणाऱ्यानं पुढची जबाबदारी झटकायची नाही. त्याच १९६० च्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावराला सोडून देणं हा गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. दशकं उलटली तरी तोच आकडा. तेवढ्या पैशात आज साताऱ्यात धड कंदी पेढेही येत नाहीत. कायदा कुणाला अडवणार नाही हे धरूनच चालायचं.

दुसरा आक्षेप पैशाचा. माणसांना औषधं मिळत नाहीत तिथं कुत्र्याला डायपर? हा आक्षेप मिरजेत जास्त जोरानं निघतो, आणि निघणं साहजिक आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. आजही कर्नाटकातून पेशंट घेऊन येणारी माणसं स्टेशनवर, झाडाखाली पथारी टाकलेली दिसतात. त्यांच्या शेजारून कुत्र्याला चाकाच्या गाडीत घालून नेणाऱ्याकडे ती कोणत्या नजरेनं बघत असतील याचा विचार मीही करतो. पण हा आक्षेप घेणारा माणूस लग्नातल्या फटाक्यांवर, डॉल्बीवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो घेत नाही. सगळ्या अनावश्यक खर्चांच्या रांगेत कुत्र्याचा डायपरच तेवढा त्याच्या डोळ्यावर येतो. शिवाय हा पैसा सरकारी तिजोरीतून जात नाही, कुणाच्या तरी पगारातून जातो. तो माणूस डायपर थांबवील तर ते पैसे मिरजेतल्या पेशंटला मिळतील असं नाही.

सरकारी यंत्रणेचा प्रश्न निराळा. आपली पशुवैद्यकीय व्यवस्था गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी बांधलेली आहे. गर्भधारणा, लाळ-खुरकत, दुधाचं फॅट. दूधसंघांच्या प्रदेशात ते योग्यच आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सांगलीहून ते दीडशे किलोमीटरहून दूर. मणका मोडलेल्या कुत्र्याला तेवढा प्रवास घडवायचा तर फळीवर बांधून. जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयातले डॉक्टर मन लावून बघतात असा अनुभव लोक सांगतात, पण मणक्याची शस्त्रक्रिया म्हटलं की पुणे-मुंबईकडेच बोट. म्हणजे इथला मध्यमवर्गीय माणूस जे करू शकतो ते बहुतांशी शुश्रूषेचं, शस्त्रक्रियेचं नाही.

आणि तिथं आपलं भांडवल कमी नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तेव्हापासून सांगलीच्या हाताला लोखंडाची सवय आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत, इस्लामपूरच्या रस्त्याला ट्रॉल्या, नांगर, ऊस लागणीची अवजारं बनवणारे कारागीर रांगेनं आहेत. कुत्र्याच्या चाकगाडीला काय लागतं? पीव्हीसी पाईप, चार एल्बो, लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं, कंबरेखाली धरायला जुन्या दप्तराचे पट्टे. परदेशी बनावटीची मागवायची गरज नाही. माप मात्र नेमकं हवं. जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची, छातीची रुंदी, बगलेपासून शेपटीपर्यंतची लांबी. पाईप दोन बोटं उंच झाला तर मान खाली जाते आणि खांदे दुखावतात. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच जुंपायचं, आणि गाडीत असताना त्याला बसता येत नाही हे विसरून कुत्र्याला अंगणात सोडून बाजाराला जायचं नाही. जुंपणं, खांदा येणं, जोखड लागणं, या गोष्टी बैल राखलेल्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. शहरातल्या प्राणिप्रेमीपेक्षा जुना गडी हे लवकर पकडतो.

आता परदेशाचा मार्गही अरुंद झाला आहे. आपल्याकडची अपंग कुत्री अमेरिकेत, कॅनडात घरं शोधून पाठवायची, असा एक प्रघात महानगरांतल्या संस्थांनी पाडला होता. कॅनडानं सप्टेंबर २०२२ पासून, रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी येणारी कुत्री बंद केली, त्या यादीत भारत आहे. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. मला याचं फार दुःख नाही. इथल्या रस्त्यानं मोडलेला कुत्रा विमानानं टोरांटोला पाठवून प्रश्न सुटत होता तो एका कुत्र्याचा. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीवर भटकी कुत्री मोजली गेली. त्यांच्यातली जी मोडतील ती इथंच राहणार.

सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची वाट पालिकेमार्फत मोकळी ठेवली, अट अशी की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. आदेशाचा गाजावाजा झाला तो खाऊ घालण्याच्या जागांवरून, चावणाऱ्या कुत्र्यांवरून. दत्तकाचं कलम कुणी नीट वाचलं नाही. मला ते वाचताना वाटलं, की सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं आणि सातारा पालिकेनं या दत्तकाचा अर्ज छापलाच, तर अपंग कुत्र्यासाठी त्याला एक वेगळं पान जोडावं. त्यावर ‘तुम्हाला प्राण्यांची आवड आहे का?’ हा प्रश्न नसावा. घरात कोण कोण आहे, त्यांतलं कोण हे काम करणार, त्याची सही, तो गावाला गेला तर दुसरा कोण, त्याचीही सही. जवळचा पशुवैद्य किती अंतरावर. घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का. आणि नदीकाठच्या वॉर्डांसाठी आणखी एक प्रश्न, जो पुण्या-मुंबईच्या कुठल्याही अर्जात सापडणार नाही.

२००५, २०१९, २०२१. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं ती ही वर्षं इथल्या कुणालाही तोंडपाठ असतात. आयर्विन पुलाजवळची पातळी रेडिओवर सांगू लागले की गावभाग, हरिपूर रोड, पलूस तालुक्यातली भिलवडी, सगळे गाठोडी बांधू लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या दिवसांत गोठ्यातली जनावरं दावी कापून मोकळी केली गेली, कारण पोहणाऱ्या जनावराची जगण्याची शक्यता बांधलेल्या जनावरापेक्षा जास्त. धडधाकट कुत्री पत्र्यावर, गच्चीवर चढून बसली. लुळा कुत्रा दावं कापलं तरी कुठं जाणार? त्याला उचलूनच न्यावं लागतं, आणि बोटीत माणसांनाच जागा नसते तेव्हा त्याला घ्या म्हणायला जीभ उचलत नाही. तेव्हा नदीकाठच्या घरानं पाणी ४० फुटांच्या इशाऱ्यावर यायच्या आधीच त्याला हलवायचं. कुणाकडे, हे मे महिन्यात ठरलेलं हवं. तासगावच्या आत्याकडे, विट्याच्या मित्राकडे, कुठंही उंचावर. आणि त्या आत्याला लघवी काढता यायला हवी, म्हणजे ती मे महिन्यातच तिला दोनदा काढून दाखवलेली हवी. अर्जाच्या त्या पानावर तिसरी सही तिची.